शंभर सुयांची पट्टी

माझ्या मायच्या टाचेमागची शीर तुटली तेव्हा तिला वाटलं, मागून कुणीतरी लाथ मारली. रोवणीचे दिवस होते. धानोऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात, बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात आम्ही दहा-बारा बाया ओळीनं वाकून धान रोवत होतो. माय पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, पेंढी घ्यायला बांधावर चढायला गेली. एक पाय वर ठेवला, दुसऱ्याच्या चवड्यावर जोर देऊन अंग उचललं, आणि कट्ट असा आवाज झाला. मला तो चार बाया पलीकडे ऐकू आला. सुकी काडी मोडावी तसा.

माय रागानं मागे वळली. "काऊन मारली वो लाथ?"

मागची बाई दूर होती, तिच्या दोन्ही हातांत पेंढ्या होत्या. "मी कायले मारू तुले?"

मायनं पुढे पाऊल टाकलं आणि ती तिथेच चिखलात बसली. मी धावत गेले. टाचेच्या वर, जिथे ताठ दोरी हाताला लागायला हवी, तिथे माझं बोट आत गेलं.

माझी माय म्हणजे गावातली सगळ्यात झपाझप चालणारी बाई. तेंदूपत्त्याच्या हंगामात उजाडायच्या आधी जंगलात शिरायची आणि ऊन चढायच्या आत पानांचं ओझं डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे परत यायची. बाबा माझ्या लहानपणीच गेले. दोन बांध्या, मोहाची तीन झाडं आणि मायचे दोन पाय, एवढ्यावर मी शिकले. तुटली ती त्याच पायांतली एक शीर.

गडचिरोलीच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी पाय पाहिला, ऑपरेशन लागेल म्हणाले, आणि मग मला विचारलं, "टाचेत इंजेक्शन घेतलं होतं का?"

"हो."

"किती वेळा?"

"तीन."

"कशाचं?"

मी औषधाचं नाव सांगितलं. मला ते नीट माहीत होतं. मी तेव्हा चंद्रपूरला बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होते.

त्या उन्हाळ्यात मायची टाच दुखायला लागली होती. आठवडी बाजारात एक जण बॅग घेऊन बसायचा. डॉक्टर म्हणवून घ्यायचा, पण कुठे शिकला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं थेट टाचेत सुई घातली आणि दोन दिवसांत माय पहिल्यासारखी चालायला लागली. पुढे पुन्हा दुखलं, पुन्हा सुई. सुट्टीत मी घरी आले तेव्हा त्याच्याकडची बाटली हातात घेऊन मी लेबल वाचलं. स्टेरॉइड. नुकतंच शिकलेलं नाव. मला केवढा अभिमान वाटला, की मला हे वाचता येतं!

तिसऱ्या वेळी माय नको म्हणत होती. "आता तेवढं नाई दुखत. राहू दे."

"चांगलं औषध आहे, माय. आम्हाला शिकवलं आहे. रोवणी आहे, घेऊन टाक."

माझ्या शब्दावर तिनं पाय पुढे केला.

डॉक्टरांनी माझ्यावर ठपका ठेवला नाही. म्हणाले, कारण कधी एकच नसतं. आधीपासून ती शीर झिजत आली असेल. पण थेट शिरेत स्टेरॉइड गेलं की शीर आतून कमजोर होऊ शकते, आणि दुखणं थांबल्यामुळे माणूस तिच्यावर पूर्ण जोर देतो. ते समजावत होते आणि मी भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे पाहत होते. अर्धवट शिकलेल्या माणसाला किती नुकसान करता येतं, हे मी त्या दिवशी शिकले. त्यातली अर्धवट शिकलेली मी होते.

ऑपरेशन झालं, शीर शिवली, कितीतरी आठवडे प्लास्टर राहिलं. माय पुन्हा चालायला लागली, पण उजवा पाय थोडा मागे राहायचा. पुढच्या उन्हाळ्यात ती जंगलातून सगळ्यांच्या मागून आली. तिनं ओझं उतरवलं, हंड्यातलं पाणी पिऊन म्हणाली, "आली ना मी? मंग झालं." इंजेक्शनचा विषय तिनं कधीच काढला नाही. मीही काढला नाही.

मी एम.फार्म केलं, चंद्रपूरच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायला लागले आणि पीएच.डी.ला नाव घातलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम मूळच्या नागपूरच्या, कमी बोलणाऱ्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्यांनी मधुमेहाच्या गोळीवरचा एक तयार विषय माझ्यासमोर ठेवला. सोपा होता, तीन वर्षांत उरकला असता.

"मला कंडरेवर काम करायचं आहे," मी म्हटलं. स्नायूला हाडाशी बांधणारी ती दोरी. पुस्तकात कंडरा, आमच्या गावात शीर.

"का?"

खरं कारण मी सांगितलं नाही. म्हटलं, "कंडरेला रक्ताचा पुरवठा कमी. पोटात घेतलेली गोळी सगळ्या अंगात फिरते आणि तिथे थोडीच पोचते. इंजेक्शन पोचतं, पण एकदम सगळं एका जागी पडतं, आणि सुई कंडरेलाच जखम करते. टाच, कोपर, मनगट, इथे कातडीच्या खालीच कंडरा असते. वरूनच, थोडं थोडं औषध सोडता आलं तर?"

मॅडमनी चष्मा काढला. "बारीक सुयांची पट्टी?"

"हो."

"आपल्याकडे साचासुद्धा नाही."

"करू."

त्या दिवशी म्हटलेलं 'करू' खरं करायला मला पाच वर्षं लागली.

ही पट्टी म्हणजे काय ते सांगते. अंगठ्याच्या नखाएवढा एक चौकोन. त्यावर दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा सुया, एकूण शंभर. सुया धातूच्या नसतात. औषध कालवलेला चिकट पाक सिलिकॉनच्या साच्यात ओतायचा, साचा यंत्रात गरगर फिरवायचा म्हणजे पाक बारीक खड्ड्यांत तळापर्यंत उतरतो, मग वाळवायचा आणि अलगद सोलून काढायचा. एकेक सुई एक मिलिमीटरहूनही आखूड. नुसत्या डोळ्यांना ती पट्टी खरखरीत कागदासारखी दिसते. कातडीवर दाबली की सुया वरच्या थरात शिरतात आणि तिथल्या ओलाव्यानं विरघळतात. मागे काढून टाकायला काही उरत नाही. औषध तिथून हळूहळू खाली झिरपतं. स्टेरॉइड मी हातातही धरलं नाही. दाह कमी करणारं एक जुनं, साधं औषध घेतलं.

कागदावर हे सगळं फार सोपं होतं. चंद्रपूरचा उन्हाळा कागदावर नव्हता. मे महिन्यात प्रयोगशाळेतला कूलर गरम वारा फेकायचा, वीज जायची, आणि साच्यातला पाक असा भरभर वाळायचा की सोलताना सुयांची टोकं तुटून साच्यातच राहायची. पावसाळ्यात उलट. हवेतली ओल पिऊन सुया मऊ पडायच्या, बोट लावलं की वाकायच्या. भिंगाखाली पाहिलं की कधी सुयांच्या पोटात बुडबुडे, कधी सुयांऐवजी नुसती टेकाडं. मी डब्यांवर तारखा लिहून वाया गेलेल्या पट्ट्या ठेवत गेले. कपाट भरलं. मॅडम म्हणाल्या, "फेकू नकोस. काय चुकलं ते यातूनच कळेल."

चाचणीला माणसाच्या कातडीशी सगळ्यात जवळची म्हणजे डुकराच्या कानाची कातडी. ती आणायला मी शहराबाहेरच्या एका मटणवाल्याकडे गेले.

"भाऊ, कान पायजे. दोन. पण जाळून नका देऊ, गरम पाणी बी नका टाकू."

"बिना जाळता? केस राह्यते ना बाई. खाणार कसे?"

"खायले नाई. सुया टोचायले."

त्याचा सुरा हातातच राहिला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "करणी-बिरणी तं नाई ना?"

मी कॉलेजचं ओळखपत्र काढून दाखवलं. ते त्यानं दोन्ही बाजूंनी वाचलं. पुढे वर्षानुवर्षं तो माझ्यासाठी कान बाजूला काढून ठेवायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, "हे औषधाच्या कामाचे आहेत. तुमच्यासाठी नाई."

वाळवण्याचं कोडं मायनं सोडवलं. दिवाळीत मी घरी गेले होते, चुलीपाशी बसून तिला सगळं सांगत होते. सुया काय, साचा काय, ती ऐकत होती. मग म्हणाली, "तू पहिल्याच दिवशी कडक वाळवतं का?"

"हो. मग?"

"तांदळाचे पापड असे वाळवले तं तडकते. वरून कडक होते, आतून ओला राह्यते. पहिला दिवस सावलीत, फडक्याखाली. आपल्या मनानं सुकू द्या लागते. मंग दुसऱ्या दिवशी ऊन."

मी हसले. पण परत गेल्यावर करून पाहिलं. पहिला दिवस साचा झाकून थंड खोलीत, दुसऱ्या दिवशी ओल शोषणारे दाणे घातलेल्या बंद बरणीत. तिसऱ्या दिवशी पट्टी सोलली. ती एकाच ओढीत, पूर्ण निघाली. भिंगाखाली शंभर टोकदार सुया ताठ उभ्या होत्या. मी दोनदा मोजल्या. मग डुकराच्या कानावर दाबली, काढली, वर निळा रंग लावून पुसला. सुई जिथे शिरते तिथेच रंग धरतो. कातडीवर निळ्या ठिपक्यांचा चौकोन उमटला, दहा गुणिले दहा, एकही रिकामी जागा नाही.

मी मॅडमना बोलवायला धावले. त्या वर्गात शिकवत होत्या. दारातून मी नुसता तो कान वर धरला. पोरं किंचाळली. मॅडम खडू ठेवून बाहेर आल्या, ठिपक्यांवरून नजर फिरवली, आणि ज्या बाईनं मला चार वर्षांत कधी 'ठीक' याच्यापुढे शाबासकी दिली नव्हती, तिनं माझ्या पाठीत जोरात धपाटा घातला.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात माय चंद्रपूरला आली. नागपूरसारखी चंद्रपूरलाही दीक्षाभूमी आहे, तिथल्या सोहळ्याला ती दरवर्षी येते, पांढरं लुगडं नेसून, गावातल्या बायांबरोबर. मी घ्यायला गेले तर ती लंगडत होती, आणि पाय दुसराच होता. डावा. इतकी वर्षं उजव्याचा भार त्यानंच उचलला होता.

माझ्या खोलीवर येऊन तिनं लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं आणि टाच माझ्यासमोर धरली. "लाव."

"काय?"

"तुही पट्टी. झाली ना आता? लाव."

"नाही लावता येत, माय."

"काऊन?"

"माणसांवर तपासली नाही अजून. आता उंदरांवर सुरू होणार आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "उंदराले लावतं, मायले नाई लावत?"

मला हसू आलं आणि रडूही. "उंदराला काही झालं तर मी लिहून ठेवीन, काय चुकलं ते शोधीन. तुला काही झालं तर?"

"माहा पाय आहे. मी म्हणून राह्यली ना, लाव."

"मागच्या वेळी मी लाव म्हटलं होतं," मी बोलून गेले. "तू ऐकलंस. आता मी नको म्हणतेय, तेही ऐक."

तिनं लुगडं खाली केलं. त्या दिवशी ती जेवली, पण माझ्याशी धड बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाच तपासून सांगितलं, शीर सुजली आहे, झिजली आहे, पण शाबूत आहे. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मायला पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं केलं. दोन्ही पायांनी वर व्हायचं, मग दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच अगदी हळू खाली सोडायची. सकाळ-संध्याकाळ, तीन महिने. दुखलं थोडं तर चालेल, फार दुखलं तर थांबायचं.

"येवढंच?" मायला ती थट्टा वाटली. "औषध नाई, गोळी नाई?"

"हेच औषध," त्या बाई म्हणाल्या. "पण रोज घेतलं तरच."

माझी खात्री होती की माय हे करणार नाही. घरी आमची पायरी नाही, उंबरठाच आहे. पण चार आठवड्यांनी मी गावी गेले तर संध्याकाळी विहाराच्या पायऱ्यांवर माझी माय चवड्यांवर उभी होती, आणि तिच्या बाजूला ओळीनं सात बाया. कुणाचे गुडघे दुखत, कुणाचं काहीच दुखत नव्हतं, त्या गंमत म्हणून आल्या होत्या. माय मोठ्यानं आकडे म्हणत होती आणि एखादीनं टाच भरकन सोडली की ओरडत होती, "हळू सोड वो! घाई कायची आहे?"

तिकडे माझे उंदीर नागपूरला होते, रीतसर परवानगी असलेल्या प्राणीगृहात. त्यांची कंडरा भूल देऊन दुखावलेली. एका गटाला काहीच नाही, एका गटाला औषध नसलेली कोरी पट्टी, एका गटाला माझी पट्टी. मी दर आठवड्याला रेल्वेनं जायचे. त्या जिवांना आपण दुखवलं, हे मनातून जात नसे. म्हणून एकही पट्टी मी दुसऱ्याच्या हातानं लावू दिली नाही.

शेवटी कंडरांचे पातळ काप काचांवर घेतले आणि ते पॅथॉलॉजीच्या एका निवृत्त सरांकडे गेले. काचांवर फक्त आकडे होते. कुठली काच कुठल्या गटाची, ते एका बंद पाकिटात, आणि पाकीट मॅडमच्या पर्समध्ये. सर एकेक काच पाहून बाजूला ठेवत होते. आम्ही दोघी त्यांच्या मागे बाकावर बसलो होतो. सकाळपासून दुपार झाली. मी पाण्याची बाटली तीनदा उघडली आणि एकदाही प्यायले नाही.

सरांनी मान वर केली. "मी तीन ढीग केलेत. हा पहिला आणि दुसरा बराचसा सारखा. धागे गुंतलेले, आडवेतिडवे, पेशींची गर्दी. दोघांत फार फरक आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण हा तिसरा..." त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. "बघ."

मी भिंगाला डोळा लावला. गुलाबी धागे, लांब, किंचित नागमोडी, एकमेकांना लागून एकाच दिशेनं गेलेले. नुकतेच विंचरलेले केस असावेत तसे.

मॅडमनी पाकीट फाडलं. सर तिसऱ्या ढिगातले आकडे वाचत गेले आणि मॅडम कागदावर बोट ठेवत गेल्या. पट्टी. पट्टी. पट्टी. एक काच निघाली कोऱ्या पट्टीवाल्या गटातली. पुढची पुन्हा पट्टी. आणि पुढचीही. त्या एका काचेखेरीज सगळा ढीग माझी पट्टी लावलेल्या उंदरांचा होता.

"एक चुकली," मी म्हटलं.

"म्हणून तर मला विश्वास बसतोय," सर म्हणाले. "सगळ्या जुळल्या असत्या तर मी पुन्हा तपासलं असतं."

मॅडमनी फाटलेल्या पाकिटाची नीट घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "चल, आइसक्रीम खाऊ." भर थंडीत आम्ही तिघं रस्त्यावर उभं राहून आइसक्रीम खाल्लं.

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा गडचिरोलीला विद्यापीठात झाली. सभागृह खुलं असतं, कुणीही येऊ शकतं. माय गावाहून एकटी आली, सकाळच्या बसनं. स्टँडवरून विद्यापीठापर्यंत चालत. मी विचारलं, पाय? ती म्हणाली, "कोणता पाय?" आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.

मी बोलले. साचे, वाळवण, निळे ठिपके, उंदीर, ती एक चुकलेली काच, सगळं. बाहेरून आलेले परीक्षक हैदराबादचे होते, भारदस्त, शांत. त्यांनी शेवटी विचारलं, "काम नीट आहे. पण मला एक सांगा. इंजेक्शन एका मिनिटाचं काम आहे. तुम्ही एवढी वर्षं हे का करत बसलात?"

माझ्याकडे याचं तयार उत्तर होतं. त्यासाठी स्लाइडही होती. मी ती पुढे केली, आणि मला दिसलं, तिसऱ्या रांगेत माय पदर नीट करून माझ्या तोंडाकडे बघते आहे. ते उत्तर मला देता आलं नाही.

"सर, मी दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या आईला टाचेत स्टेरॉइडचं तिसरं इंजेक्शन घ्यायला लावलं. ती नको म्हणत होती. नंतर तिची शीर तुटली. तेव्हा मला औषधाचं नाव माहीत होतं, ते कुठे आणि किती द्यायचं ते माहीत नव्हतं. ते शिकायला मला एवढी वर्षं लागली."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "त्या इथे आहेत?"

माय उभी राहिली. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, पण तिला मोकळा हॉल आणि सगळ्यांच्या नजरा मिळाल्या होत्या. "मी आहो तिची माय," ती म्हणाली. "हिनं सुई नाई टोचली. टोचणारा दुसरा होता. हे पोरगी उगाच डोक्यात घेऊन बसली इतले वर्सं, अन् मले बोलली बी नाई. मी बी कधी काढलं नाई, मले वाटलं हिले वाईट वाटन." मग परीक्षकांकडे वळून म्हणाली, "साहेब, माहे दोन्ही पाय चांगले आहेत. तुम्ही हिले काय विचाराचं ते विचारा. येते तिले."

आधी मॅडम हसल्या, मग परीक्षक, मग सगळं सभागृह. टाळ्या कुणी सुरू केल्या ते मला दिसलं नाही. माझे डोळे भरले होते. परीक्षक म्हणाले, "मला आता काही विचारायचं नाही," आणि दहा मिनिटांनी बंद दार उघडून मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांनी माझ्या नावाआधी डॉक्टर लावलं.

औषध नसलेली कोरी पट्टी निरोगी माणसांच्या कातडीला सोसते का, ते तपासायच्या परवानगीचा अर्ज आता गेला आहे. त्यानंतर औषधाची, त्यानंतर दुखऱ्या टाचांची. वर्षं जातील. मला घाई नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही मायलेकी दुपारच्या बसनं गावी निघालो. गडचिरोली सुटायच्या आत मायनं कंडक्टरला सांगितलं, "माही पोरगी डॉक्टर झाली आज."

कंडक्टर बाई होत्या. "हो का! कायची डॉक्टर?"

बस्स. मायला तेवढंच हवं होतं. तिनं सीटवरून अर्धं वळून आख्ख्या बसला सांगायला सुरुवात केली. एक पट्टी असते, नखाएवढी. तिच्यावर शंभर सुया. दिसत नाई, दुखत नाई, अंगातच विरघळते. उंदरांच्या शिरा तिनं बऱ्या झाल्या, भिंगातून पाह्यलं मोठ्या डॉक्टरांनी. एक काच चुकली होती, ते बी लिहून ठेवलं, लपवलं नाई. मी खिडकीशी अंग चोरून बसले होते. एकही गोष्ट ती चुकत नव्हती.

मागच्या सीटवरच्या एका बाईनं पदर सारून कोपर पुढे केलं. "मले इथी दुखते. बादली उचलली का कळ येते. भेटन का ते पट्टी?"

"आता नाई भेटत," माय म्हणाली. "माणसाले लावाची परवानगी नाई अजून. मले बी नाई लावली हिनं, पोटची माय असून." हे तिनं एवढ्या ऐटीत सांगितलं, जसं काही तो तिचाच नियम होता. "तू दवाखान्यात दाखव. तिथले बाई सांगन तो व्यायाम कर, रोज. बाजारातल्या बॅगवाल्यापाशी जाऊ नोको."

"अन् पट्टी कधी येईन?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "तपासून राह्यले. पक्की झाली का येईन. कोणतं गाव तुहं? सांगून ठेव, मी निरोप धाडतो."

त्या बाईनं गाव सांगितलं. मग पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं त्याचं गाव सांगितलं, मग कंडक्टर बाईंनी आपल्या सासूचं. बस जंगलातून धानोऱ्याकडे धावत होती, आणि माझी माय एकेक गावाचं नाव मोठ्यानं म्हणून मला पाठ करायला लावत होती.